आधी जनुक वाचा, मग औषधांची यादी करा

मा. केंद्रीय आरोग्य व कुटुंबकल्याण मंत्री,
नवी दिल्ली



आपल्या मंत्रालयाने 2021 च्या मार्चअखेरीस आणलेल्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात सिस्टिक फायब्रोसिसची नोंद दोनदा येते. पहिली दुसऱ्या गटात, स्वादुपिंडाच्या विकरांच्या गोळ्यांसाठी. दुसरी तिसऱ्या गटाच्या ‘ब’ विभागात, म्हणजे उपचार अतिशय महाग आणि दीर्घकालीन पुरावा अजून हाती यायचा आहे अशा मोजक्या आजारांच्या रांगेत. तिथे आजाराच्या नावापुढे कंसात औषधांचा एकच वर्ग लिहिला आहे: पोटेन्शिएटर. सरकारी कागदावरचा एक कंस एवढ्या लांब पत्राचा विषय व्हावा याचे आपल्याला नवल वाटेल. पण हा आजार ज्या प्रथिनाच्या बिघाडातून होतो, ते पेशीत कसे घडते, कुणाच्या हुकमाने उघडते आणि मिटते, हे एकदा नीट पाहिले की या कंसाने किती जणांना दाराबाहेर ठेवले आहे ते कळते. पोटेन्शिएटर एकटे दिले तर एका ठरावीक बिघाडाच्या रुग्णांनाच त्याचा उपयोग होतो, आणि असे रुग्ण भारतात थोडे आहेत. म्हणून माझे म्हणणे असे की मदत औषधाच्या एका वर्गाशी न जोडता रुग्णाच्या जनुकातल्या नेमक्या बिघाडाशी जोडावी, आणि तो बिघाड वाचण्याचा खर्च सरकारने आधी उचलावा. किमतीचा प्रश्न मोठा आहे, त्याकडे मी येणारच आहे. पण काय विकत घ्यायचे हेच चुकले असेल तर कितीला घ्यायचे, या चर्चेला अर्थ उरत नाही.

या प्रथिनाचे नाव सीएफटीआर. त्याचे जनुक सातव्या गुणसूत्रावर आहे. लॅप-ची त्सुई, जॅक रिओर्डन आणि फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या गटांनी ते 1989 मध्ये शोधले. 1480 अमिनो आम्लांची ही साखळी पेशीच्या आवरणात आरपार बसते आणि क्लोराइडच्या कणांना ये-जा करायला वाट देते. बायकार्बोनेटही याच वाटेने जाते. श्वासनलिकांच्या अस्तरात ही वाहिनी क्षार बाहेर सोडते, त्यामागून पाणी येते आणि कफ पातळ राहतो. वाट बंद पडली की कफ घट्ट होऊन चिकटतो, त्यात जंतू घर करतात आणि फुप्फुस वर्षानुवर्षे झिजत जाते. स्वादुपिंडात नळ्या तुंबतात, पाचक रस आतड्यापर्यंत पोचत नाहीत आणि मूल भरपूर खाऊनही वाळत जाते. घामाच्या ग्रंथीत मात्र हीच वाहिनी उलट दिशेने काम करते, घामातले मीठ शरीरात परत ओढून घेते. ती बंद असली की मीठ घामासोबत निघून जाते. पॉल दि सांत’ॲग्नेझ यांनी न्यूयॉर्कमध्ये 1948 च्या उष्णतेच्या लाटेत या आजाराची मुले मिठाअभावी कोसळताना पाहिली, आणि त्या निरीक्षणातून पुढे घाम चाचणी जन्माला आली. घामात क्लोराइड लिटरला 60 मिलिमोल किंवा त्याहून जास्त आढळले की निदानाची दिशा पक्की होते. ज्या देशात मे महिन्यात निम्म्या प्रदेशाचा पारा चाळिशीपार जातो, त्या देशाला हा तपशील परका वाटू नये. भारतीय बालरोगतज्ज्ञांनी नोंदवलेल्या रुग्णांत सोडियम-पोटॅशियम घटून, रक्त अल्कधर्मी होऊन रुग्णालयात आलेली बाळे वारंवार दिसतात.

आता ही वाहिनी चालते कशी ते बघू, कारण धोरणाची सगळी चूक याच ठिकाणी आहे. सीएफटीआर ज्या प्रथिनकुळातले आहे, त्यातले बाकीचे बहुतेक भाऊबंद ऊर्जा खर्चून पदार्थ इकडून तिकडे ढकलणारे पंप आहेत. त्या कुळात आयनांची वाहिनी झालेले हे एकटेच. त्यामुळे त्याच्या अंगावर पंपाची यंत्रणा जशीच्या तशी आहे, फक्त ती आता दार उघडण्या-मिटण्यासाठी वापरली जाते. आवरणात रुतलेले दोन भाग मिळून वाट तयार करतात. पेशीच्या आतल्या बाजूला एटीपी या ऊर्जारेणूला धरणारे दोन भाग लोंबतात. त्या दोहोंच्या मध्ये सुमारे दोनशे अमिनो आम्लांचा एक सैल, बिनआकाराचा पट्टा असतो, ज्याला नियामक भाग म्हणतात. पेशी स्वस्थ असते तेव्हा हा पट्टा दोन भागांमध्ये पाचरीसारखा शिरलेला असतो आणि त्यांना एकत्र येऊ देत नाही. बाहेरून संदेश आला की पेशीत सायक्लिक एएमपी वाढते, त्याने प्रोटीन कायनेज-ए हे विकर जागे होते आणि ते या पट्ट्यावर जागोजागी फॉस्फेट चिकटवते. पट्टा बाजूला सरकतो. मग दोन एटीपी रेणू मध्ये धरून ते दोन भाग एकमेकांवर मिटतात आणि त्या हालचालीने वरची वाट उघडते. दोनपैकी एका जागेवरचा एटीपी फुटला की मिठी सुटते आणि दार बंद होते. म्हणजे फॉस्फेट हा परवाना आणि एटीपी हा प्रत्यक्ष हात, दोन्ही हवेत. रॉकफेलर विद्यापीठातील ज्यू चेन यांच्या प्रयोगशाळेने 2016 पासून शीत-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या स्थितींची चित्रेच मिळवली आहेत, त्यामुळे यात आता अंदाजाचा भाग फार थोडा राहिला आहे.

पण दार उघडण्याचा प्रश्न दार जागेवर असेल तरच येतो, आणि इतके लांब, इतक्या घड्यांचे प्रथिन जागेवर पोचवणे पेशीला सोपे जात नाही. साखळी विणली जात असतानाच तिला घडी घालण्यासाठी मदतनीस प्रथिने येतात. घडी चुकली तर तपासणीत ती पकडली जाते, तिच्यावर नाशाची खूण बसते आणि ती कुटून टाकली जाते. जगात सर्वांत जास्त आढळणारा बदल, एफ-508-डेल, इथेच घात करतो. 508 क्रमांकाचे एकच अमिनो आम्ल, फेनिलअ‍ॅलनिन, गळालेले असते. बाकी 1479 जागच्या जागी असतात. तेवढ्याने घडी बिघडते आणि जवळजवळ सगळे प्रथिन पेशीच्या आतच नष्ट होते. 1992 मध्ये संशोधकांच्या लक्षात आले की अशा पेशी 27 अंश तापमानात वाढवल्या तर काही प्रथिन पृष्ठभागावर पोचते आणि थोडेफार चालतेही. म्हणजे प्रथिन मुळातच निकामी नसते, त्याला आकार धरायला आधार मिळत नसतो. तरी पोचलेल्या प्रथिनाचे दार नीट उघडत नाही आणि पेशी ते लवकर परत आत ओढते, हेही तितकेच खरे. जी-551-डी या बदलाची कथा याच्या अगदी उलटी आहे. त्यात प्रथिन व्यवस्थित घडते, पृष्ठभागावर पोचते, त्यावर फॉस्फेटही बसते; पण एटीपी धरूनही दार उघडत नाही. डब्ल्यू-1282-एक्स मध्ये साखळी पूर्ण होण्याआधीच तुटते आणि पूर्ण प्रथिन बनतच नाही. 3849+10केबी या बदलात जनुकाच्या संदेशाची काटछाट चुकते, त्यामुळे चांगले प्रथिन बनते पण अगदी थोडे. या जनुकात आजवर दोन हजारांवर बदल नोंदले गेले आहेत. त्यांतले शेकडो निश्चितपणे रोगकारक आहेत, आणि प्रत्येकाची अडचण या साखळीच्या वेगळ्या टप्प्यावर आहे.

पोटेन्शिएटर हे औषध पृष्ठभागावर पोचलेल्या वाहिनीला जास्त वेळ उघडी ठेवते. करेक्टर हे औषध घडी पडत असताना प्रथिनाला धरून ठेवते, म्हणजे ते तपासणीतून सुटते. एफ-508-डेलच्या रुग्णाला एकटा पोटेन्शिएटर देणे म्हणजे सुताराच्या कारखान्यातून निघालेच नाही अशा दाराच्या बिजागरीत तेल सोडणे. हे केवळ तर्काने म्हणत नाही, चाचण्या झालेल्या आहेत. आयव्हाकाफ्टर हा पहिला पोटेन्शिएटर जी-551-डीच्या रुग्णांना दिला तेव्हा 24 आठवड्यांत, पहिल्या सेकंदात जोराने बाहेर टाकता येणाऱ्या हवेचे अपेक्षित प्रमाण खोट्या गोळीच्या तुलनेत 10.6 टक्क्यांच्या अंकांनी वाढले आणि घामातले क्लोराइड लिटरला सुमारे 48 मिलिमोलने उतरले. या आजारात असे यश त्याआधी कधी दिसले नव्हते, आणि 2012 च्या जानेवारीत अमेरिकेने त्याला मान्यता दिली. तेच औषध, तेवढ्याच मात्रेत, जनुकाच्या दोन्ही प्रतींवर एफ-508-डेल असलेल्या रुग्णांना दिले तेव्हा फुप्फुसांच्या क्षमतेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. 2015 मध्ये लुमाकाफ्टर हा करेक्टर जोडल्यावर अशा रुग्णांत 2.6 ते 4 अंकांचा फायदा दिसला. 2019 मध्ये दोन करेक्टर आणि एक पोटेन्शिएटर असे तिहेरी औषध, म्हणजे इलेक्साकाफ्टर, टेझाकाफ्टर आणि आयव्हाकाफ्टर, तपासले गेले. एका प्रतीवर एफ-508-डेल आणि दुसऱ्या प्रतीवर जवळपास निरुपयोगी बदल असलेल्या 403 रुग्णांत ही चाचणी झाली. वाढ 14.3 अंकांची झाली आणि आजार बळावण्याचे प्रसंग 63 टक्क्यांनी घटले. आपल्या धोरणातली नोंद या चढत्या पायऱ्यांपैकी पहिल्या पायरीवरच थांबली आहे, आणि तीही धोरणाच्या दीड वर्ष आधीच तिहेरी औषधाला मान्यता मिळालेली असताना.

यावर मंत्रालयातला अभ्यासू अधिकारी म्हणेल की कंसातला उल्लेख उदाहरणादाखल आहे, केंद्रीय तांत्रिक समिती प्रत्येक प्रकरण तपासूनच निर्णय घेते. तसे असेल तर बदल करायला काहीच अडचण नसावी. पण सरकारी यादी कशी वाचली जाते हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. लेखापरीक्षक कंस बघतो, प्रथिनाची घडी बघत नाही.

भारतात हा प्रश्न जास्त टोकदार का होतो, ते आपल्याकडच्या जनुकीय चित्रावरून कळते. युरोपीय वंशाच्या रुग्णांत रोगकारक प्रतींपैकी साधारण 70 टक्के एफ-508-डेलच्या असतात, आणि किमान एक प्रत तरी तीच असलेले रुग्ण 85 ते 90 टक्के. भारतातल्या वेगवेगळ्या पाहण्यांत हे प्रमाण 19 ते 44 टक्के प्रतींपर्यंतच जाते. जी-551-डी हा तर प्रामुख्याने सेल्टिक वंशाच्या लोकांत आढळणारा बदल, आपल्याकडे तो क्वचित. उलट 1161-डेल-सी सारखे बदल दक्षिण आशियाई रुग्णांत वारंवार सापडतात आणि युरोपात नावालाही नसतात. याचा सरळ परिणाम निदानावर होतो. युरोपीय लोकसंख्या समोर ठेवून बनवलेला तीस-चाळीस बदलांचा तयार चाचणी-संच भारतीय मुलावर वापरला की निकाल अनेकदा ‘काही आढळले नाही’ असा येतो. तो कागद हातात आला की पालक आणि स्थानिक डॉक्टर दोघेही हा विषय मनातून काढून टाकतात, आणि मूल दम्याच्या फवाऱ्यांवर नाहीतर क्षयाच्या औषधांवर काही वर्षे काढते. क्षय आपल्याकडे इतका आहे की सततचा खोकला, वजन न वाढणे आणि एक्स-रेवर डाग दिसल्यावर डॉक्टरचे मन तिकडेच जाणार. त्याचा दोष डॉक्टरला देता येत नाही. पण मग पुढची पायरी तरी सरकारने उपलब्ध ठेवायला हवी: घाम चाचणी, आणि ती संशयास्पद आली तर संपूर्ण जनुकाचे वाचन, ठरावीक बदलांच्या संचावर न थांबता. घाम चाचणी महाग आहे, आयात उपकरणांशिवाय होत नाही, ही सबब तर उरलेलीच नाही. दिल्लीच्या एम्समधील बालरोग विभागाने घाम गोळा करण्याची आणि क्लोराइड मोजण्याची देशी, कमी खर्चाची पद्धत 2002 मध्येच प्रसिद्ध केली आहे. दोन दशकांत ती जिल्हा रुग्णालयांत रुळली नाही, यात विज्ञानाची काय चूक?

इथे एक खरा आक्षेप आहे, आणि तो मी टाळणार नाही. भारतीय बदलांवर औषधांच्या मोठ्या चाचण्या झालेल्या नाहीत. मग 1161-डेल-सीच्या रुग्णाला कोणत्या पुराव्यावर सरकारी पैशाने औषध द्यायचे? या विशिष्ट बदलाचे उत्तर दुर्दैवाने ‘नाहीच द्यायचे’ असे येण्याची शक्यता जास्त, कारण त्याने साखळीची वाचनचौकटच बिघडते आणि आधार द्यायला पूर्ण प्रथिनच तयार होत नाही. हे निष्ठुर वाटले तरी माझ्या मागणीचाच तो भाग आहे, कारण जनुक वाचल्यावर कुणावर पैसा खर्च करू नये हेही कळते. पण जिथे प्रथिन बनते आणि नीट घडत किंवा उघडत नाही, तिथे प्रत्येक दुर्मीळ बदलासाठी शेकडो रुग्णांची चाचणी मागणे म्हणजे ती कधीच न होण्याची तजवीज करणे. तेवढे रुग्ण जगातच नसतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ही कोंडी वेगळ्या रीतीने फोडली. त्या-त्या बदलाचे सीएफटीआर प्रयोगशाळेतल्या पेशींत बनवायचे, औषध घालायचे आणि क्लोराइड किती वाहते ते मोजायचे. या पुराव्यावर 2017 मध्ये आयव्हाकाफ्टरच्या यादीत 23 बदलांची भर पडली, आणि 2020 च्या डिसेंबरात तिहेरी औषधाच्या यादीत आणखी 177 बदल आले. नेदरलँड्समध्ये उट्रेख्टच्या संशोधकांनी आणखी पुढे जाऊन रुग्णाच्या आतड्याच्या पेशींपासून सूक्ष्म गोळे वाढवले. औषध लागू पडले तर ते गोळे पाणी धरून फुगतात, नाही तर फुगत नाहीत. भारतात पेशीजीवशास्त्राच्या उत्तम प्रयोगशाळा आहेत, हे मंत्रालयाला सांगायला नको. आपल्याकडच्या वीस-पंचवीस ठळक बदलांची अशी तपासणी हा एखाद्या राष्ट्रीय संस्थेचा दोन-तीन वर्षांचा प्रकल्प आहे, आणि एका रुग्णाच्या विदेशी औषधाच्या खर्चात तो बसावा.

‘दीर्घकालीन पुरावा प्रतीक्षेत’ हे 3 (ब) गटाचे दुसरे कारण 2021 मध्ये काही अंशी समजण्यासारखे होते. आज नाही. आयव्हाकाफ्टर बाजारात येऊन तपाहून अधिक काळ झाला, आणि इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने 2020 मध्ये करार करून तिहेरी औषध घेतले. अमेरिकेच्या रुग्णनोंदवहीनुसार या आजारासह आता जन्मणाऱ्या बाळांचे अपेक्षित मध्यम आयुर्मान साठीपलीकडे गेले आहे. 2010 च्या सुमारास ते चाळिशीच्या आत होते. यात चांगल्या प्रतिजैविकांचा, पोषणाचा आणि शुश्रूषेचा वाटा आहेच, सगळे श्रेय एका गोळीला देता येणार नाही. पण फुप्फुस प्रत्यारोपणाची गरज ज्या झपाट्याने उतरली, तिचे दुसरे स्पष्टीकरण सापडत नाही.

आता पैशाकडे येतो. क्षय, कुपोषण, मातामृत्यू यांच्या देशात इतक्या दुर्मीळ आजारावर इतका खर्च का, असा प्रश्न विचारणारे लोक दगडाच्या काळजाचे नसतात. सार्वजनिक आरोग्यात हा प्रश्न विचारावाच लागतो. आधी आवाका पाहू. एम्सच्या चमूने 2006 मध्ये 955 नवजात बाळांच्या नाळेतील रक्त तपासले, त्यात एफ-508-डेलची एक प्रत बाळगणाऱ्यांचे प्रमाण 238 मागे एक निघाले. त्यावरून भारतात आजाराचे प्रमाण सुमारे 43 हजार ते एक लाख जन्मांमागे एक असा अंदाज त्यांनी बांधला. वर्षाला 2 कोटी 30 लाख जन्म धरले तर 230 ते 530 बाळे. एका आजाराच्या मानाने ही संख्या अर्थसंकल्प बुडवणारी नाही. बुडवणारी आहे ती किंमत. तिहेरी औषधाची अमेरिकेतली जाहीर किंमत सुरुवातीलाच वर्षाला 3 लाख 11 हजार डॉलर होती, म्हणजे अडीच कोटी रुपयांहून जास्त. 2022 मध्ये आपण मदतीची मर्यादा रुग्णामागे 50 लाखांपर्यंत वाढवली, ते स्वागतार्हच होते. पण या किमतीने त्या रकमेत अडीच महिन्यांचे औषधही येत नाही, आणि हे औषध जन्मभर घ्यायचे आहे. उलट लिव्हरपूलच्या अँड्र्यू हिल आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये कच्चा माल, गोळी बनवणे, कर आणि वाजवी नफा धरून मांडलेला उत्पादनखर्च वर्षाला 5,676 डॉलर निघाला. रुपयांत पाच लाखांच्या आसपास. त्या दराने तेच 50 लाख जवळपास दहा वर्षे पुरतात. ज्या मुलाला शाळेची दहाही वर्षे पूर्ण होतील याची खात्री नव्हती, त्याच्या बाबतीत या दोन हिशेबांतला फरक काय असतो, हे आकडेच बोलतात. तेव्हा क्षय की सिस्टिक फायब्रोसिस अशी निवड आपल्यापुढे नाही. निवड आहे ती कोणत्या किमतीला होकार द्यायचा याची.

किंमत कमी करायला कायद्याची हत्यारे आपल्याच घरात आहेत. पेटंट कायद्याच्या कलम 84 नुसार पेटंट मिळून तीन वर्षे झाल्यावर, औषध लोकांना वाजवी किमतीत मिळत नसेल, त्यांची गरज भागत नसेल किंवा देशात पेटंटचा वापरच होत नसेल, तर सक्तीचा परवाना देता येतो. कलम 92 आणि कलम 100 खाली तर केंद्र सरकार स्वतः पाऊल उचलू शकते. मूत्रपिंड आणि यकृताच्या कर्करोगावरील नेक्सावार या औषधाच्या बाबतीत 9 मार्च 2012 रोजी मुंबईतून पेटंट नियंत्रकांनी असा परवाना नॅटको कंपनीला दिला, आणि महिन्याला 2 लाख 80 हजारांचे औषध 8,880 रुपयांवर आले. तो आदेश सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकला. रिस्डिप्लाम या, मेरुदंडीय स्नायुशोषावरच्या औषधाची लढाई वेगळ्या मार्गाने, पेटंटच्या वैधतेवर झाली. 2025 मध्ये न्यायालयांनी देशी आवृत्ती रोखायला नकार दिला आणि सहा लाखांच्या घरातली बाटली 15,900 रुपयांना उपलब्ध झाली. दुर्मीळ आजाराचे औषध देशी कंपनी बनवू शकते का, हा प्रश्न त्या दिवशी निकालात निघाला. सीएफटीआरची औषधे तर साध्या गोळ्या आहेत, त्यांना पेशी वाढवण्याचे कारखाने लागत नाहीत. अर्जेंटिनात एक स्थानिक कंपनी त्यांच्या आवृत्त्या बनवतेही. 2023 च्या सुरुवातीला भारत, दक्षिण आफ्रिका, ब्राझील आणि युक्रेन या चार देशांतल्या रुग्णांनी आणि त्यांच्या कुटुंबांनी आपापल्या सरकारांकडे याच स्वरूपाची दाद मागितली. पेटंटचे खाते आपले नाही, वाणिज्य मंत्रालयाचे आहे, हे मला ठाऊक आहे. पण गरज किती आणि कोणती हे आरोग्य मंत्रालयाने लेखी कळवल्याखेरीज ते खाते हलणार नाही, आणि ती गरज कळवायला आपल्याकडे रुग्णांची जनुकनिहाय यादी लागेल. पुन्हा आपण त्याच मुद्द्यावर येतो.

पेटंटला हात लावला तर नवे औषध शोधायला कोण धजावेल, हा युक्तिवाद गंभीरपणे घ्यायला हवा, कारण हे शोध खरोखरच अवघड होते आणि लाखो रसायने चाळून ते लागले. पण त्यातला सुरुवातीचा, सर्वांत जोखमीचा पैसा कुणाचा होता तेही पाहावे. अमेरिकेतल्या सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशन या धर्मादाय संस्थेने 1990 च्या दशकाअखेरीस ऑरोरा या छोट्या कंपनीला निधी दिला. ती पुढे व्हर्टेक्सने, म्हणजे आज ही औषधे विकणाऱ्या कंपनीने, विकत घेतली. संस्थेने आपला स्वामित्वहक्काचा वाटा 2014 मध्ये 3.3 अब्ज डॉलरना विकला. म्हणजे देणगीदारांनी, त्यात रुग्णांची कुटुंबे आलीच, लावलेला पैसा संस्थेला परत मिळाला, आणि कंपनीलाही श्रीमंत देशांच्या बाजारात तो कित्येक पटींनी मिळाला. भारतातल्या काही हजार रुग्णांसाठी परवाना दिल्याने त्या ताळेबंदात ओरखडाही उठणार नाही, कारण अडीच कोटींना इथे कुणी घेतच नाही. जे विकले जात नाही त्याचे नुकसान कसे मोजायचे?

काही तज्ज्ञ म्हणतील की थोडे थांबा, जनुकोपचार येतो आहे, किंवा सीएफटीआरला वळसा घालून दुसऱ्या वाहिनीने क्लोराइड वाहवता येईल. वळशाची कल्पना जुनी आणि आकर्षक आहे. श्वासनलिकेच्या पेशींत कॅल्शियमच्या इशाऱ्यावर उघडणारी आणखी एक क्लोराइड वाहिनी असते. 2008 मध्ये तिचे प्रथिन टीएमईएम-16-ए ओळखले गेले. तिला जागे करणारे डेन्यूफोसॉल हे औषध मात्र 2011 मध्ये शेवटच्या टप्प्याच्या चाचणीत नापास झाले. जनुकोपचार आणि आरएनएवर आधारलेले उपचार आले तर त्यांचा खरा लाभ ज्यांच्यात प्रथिन बनतच नाही त्यांना होईल, आणि ते यावेतच. पण ज्याचे प्रथिन एका आधाराने चालू शकते, त्या दहा वर्षांच्या मुलाचे फुप्फुस त्या दिवसाची वाट पाहत थांबत नाही. एकदा जखमेचे तंतू झालेला भाग नंतर कोणत्याही गोळीने पूर्ववत होत नाही. आणि तोवरचा साधा उपचार, म्हणजे विकरांच्या गोळ्या, छातीचा व्यायाम, वेळेवर प्रतिजैविके आणि उन्हाळ्यात जादा मीठ-पाणी, हा ज्यांना मॉड्युलेटर, म्हणजे पोटेन्शिएटर-करेक्टर प्रकारची औषधे, लागू पडणार नाहीत त्यांचा एकमेव आधार आहे. दुसऱ्या गटातली ती नोंद म्हणूनच कागदावर राहू न देता उत्कृष्टता केंद्रांच्या औषधभांडारात दिसायला हवी.

धोरणाने नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रांत मुंबईचे केईएम रुग्णालय आहे, दिल्लीचे एम्स आहे, चंडीगड, लखनौ, कोलकाता, हैदराबाद आणि बंगळूरु इथल्या संस्था आहेत. या केंद्रांत घाम चाचणीत पकडल्या जाणाऱ्या प्रत्येक मुलाचे संपूर्ण सीएफटीआर जनुक मोफत वाचले जावे आणि निकाल भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या दुर्मीळ आजारांच्या नोंदवहीत बदलाच्या नावासह जावा. 3 (ब) मधली नोंद ‘बदलानुसार लागू पडणारे सीएफटीआर मॉड्युलेटर, एकेरी किंवा संयुक्त’ अशी व्हावी, आणि गरजेचा आकडा वाणिज्य मंत्रालयाला कळवावा. केंद्रीय तांत्रिक समितीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर आपण हा विषय घ्यावा आणि समितीने तो मान्य केला वा फेटाळला, तरी त्यामागची कारणे जाहीर करावीत, एवढी विनंती आहे.

कळावे.

आपला विश्वासू,
एक नागरिक